अमेरिकेत कोठे राहावे? एका चुकलेल्या सल्ल्याचा हिशेब



कापडाच्या धंद्यात नवा मुलगा गादीवर बसला की त्याला पहिला धडा दिला जातो तो असा की, गिरणीचा भाव हा भाव नव्हे. त्यावर दलाली, हमाली, ट्रकभाडे, कर, उधारीचे दिवस आणि तागा उघडल्यावर निघणारी खोट हे सर्व चढवून माल दुकानात येऊन पडतो, तेव्हाचा दुकानपोच भाव तोच खरा. हा धडा आम्ही तीस वर्षे इतरांना देत आलो. आणि २०१६ साली घरातलाच प्रश्न समोर आला तेव्हा स्वतःच विसरलो.

झाले असे की, आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा तेव्हा अमेरिकेत नोकरी करीत होता. त्याला एकाच वेळी दोन जागा मिळाल्या, एक शिकागोत व दुसरी टेक्सास राज्यात डॅलसजवळ. पगार जवळपास सारखाच. त्याने फोनवर विचारले, "चाचा, काय करू?" आम्ही एका मिनिटात सांगितले, "टेक्सास घे. तेथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही." मुलगा आज्ञाधारक, त्याने ऐकले. पुढे तो तेथील नागरिक झाला, घर घेतले आणि २०२२ साली आई-वडिलांना ग्रीन कार्डवर बोलावून घेतले. भाईजान तेव्हा ६६ वर्षांचे. त्यांनी मालेगावचे दुकान धाकट्या मुलाच्या हवाली केले आणि गेले.

आठ महिन्यांनी ते परत आले. तब्येतीने खचलेले आणि मनानेही. कारण विचारले तर म्हणाले, "घर मोठे आहे, पण दाराबाहेर पाऊल टाकायला जागा नाही." हे आम्हाला तेव्हा कळले नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात आम्ही स्वतः जाऊन तीन महिने राहिलो, डॅलसजवळ, शिकागोत आणि न्यू जर्सीत, तेव्हा कळले. आपल्या समाजातील अनेक घरांत आज हाच प्रश्न आहे. कोणाचा मुलगा तेथे आहे, कोणाची मुलगी. कोणी आई-वडिलांना नेण्याच्या विचारात आहे, तर कोणी तेथे वीस वर्षे कमावून आता म्हातारपण कोठे काढावे या विचारात आहे. म्हणून हा हिशेब मांडीत आहोत.

करांचा हिशेब

अमेरिकेत केंद्र सरकारचा इन्कम टॅक्स सर्वत्र सारखा. फरक पडतो तो राज्यांच्या करांत. तेथे पन्नास राज्ये आहेत आणि प्रत्येकाचा कायदा निराळा. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडा, वॉशिंग्टन अशी नऊ राज्ये पगारावर कर घेत नाहीत. कॅलिफोर्नियात मोठ्या उत्पन्नावर हा कर चढत चढत १३.३ टक्क्यांपर्यंत जातो. इलिनॉय राज्यात, म्हणजे शिकागोच्या राज्यात, सरसकट ४.९५ टक्के आहे, पेनसिल्व्हेनियात ३.०७ टक्के, नॉर्थ कॅरोलायनात २०२६ पासून ३.९९ टक्के.

येथवर वाचून कोणीही आमच्यासारखाच सल्ला देईल. परंतु सरकार कोठलेही असो, शाळा, रस्ते आणि पोलीस यांचा खर्च कोठून तरी काढतेच. टेक्सास तो घरपट्टीतून काढते. तेथील उपनगरांत घराच्या बाजारभावाच्या दीड ते सव्वादोन टक्के दरसाल घरपट्टी पडते. चार लाख डॉलर्सचे घर असेल तर दोन टक्क्यांप्रमाणे वर्षाला आठ हजार डॉलर्स. नोकरी गेली तर इन्कम टॅक्स आपोआप थांबतो. घरपट्टी थांबत नाही. माणूस निवृत्त झाला, आजारी पडला, दिवाळे निघाले, तरी बिल वेळेवर हजर. न्यू जर्सीत तर इन्कम टॅक्सही आहे आणि घरपट्टीही सबंध देशात सर्वांत जड; सरासरी बिल वर्षाला दहा हजार डॉलर्सच्या वर गेले आहे.

उलट कॅलिफोर्नियाचे पाहा. तेथे १९७८ साली जनतेने मत देऊन कायदा केला की, घराच्या खरेदीच्या किमतीवर मूळ एक टक्का घरपट्टी आणि त्या किमतीत वर्षाला फार तर दोन टक्के वाढ. म्हणून ज्याने चाळीस वर्षांपूर्वी तेथे घर घेतले तो आज निवांत आहे, आणि शेजारी काल आलेला माणूस तशाच घरावर कितीतरी पट भरतो. फ्रीमाँटसारख्या गावी, जेथे आपल्या लोकांची मोठी वस्ती आहे, साधे घरही दहा लाख डॉलर्सच्या पुढे. जुन्यांसाठी हा मुलूख चांगला, नव्यांसाठी कठीण.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. कमावत्या वयात जे राज्य महाग, तेच म्हातारपणी स्वस्त ठरू शकते. इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन्ही राज्ये पगारावर कर घेतात, परंतु निवृत्तीनंतरच्या पेन्शनवर व सोशल सिक्युरिटीवर घेत नाहीत. म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत टेक्सासचा तो मोठा फायदा शिकागोसमोर उरतच नाही. टेक्सासच्या बाजूनेही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तेथे स्वतःच्या राहत्या घराच्या मालकाला ६५ वर्षे पूर्ण झाली की घरपट्टीतील शाळेचा हिस्सा, जो सर्वांत मोठा असतो, त्या आकड्यावर गोठवला जातो. परंतु ही सवलत मालकाच्या वयावर. आमच्या पुतण्याच्या घरात भाईजान ६६ वर्षांचे असून उपयोग शून्य, कारण घर मुलाच्या नावावर.

विक्रीकराचेही तसेच. शिकागोत तो दहा टक्क्यांच्या वर जातो, ऑरेगनमध्ये राज्याचा विक्रीकर मुळीच नाही. आमच्या धंद्याच्या दृष्टीने गमतीची बाब म्हणजे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मिनेसोटा येथे अंगावरच्या साध्या कपड्यांवर विक्रीकर नाही. न्यू जर्सीतील दुकानदार हे मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि पलीकडच्या न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक त्यासाठी येतेही.

घरपट्टीनंतर विमा. फ्लोरिडा हे पूर्वीपासून म्हाताऱ्यांचे राज्य समजले जाते. इन्कम टॅक्स नाही, थंडी नाही, समुद्र जवळ. परंतु १९९२ साली अँड्र्यू आणि २०२२ साली इयान अशी भयंकर वादळे तेथे येऊन गेली, आणि आज घराचा विमा देशात सर्वांत महाग असलेल्या राज्यांत फ्लोरिडा आहे. शिवाय घराच्या साध्या विम्यात पुराचे नुकसान येत नाही. त्यासाठी वेगळा पॉलिसी-कागद लागतो आणि सरकारी योजनेतून तो घेतला तर सामान्यतः तीस दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी ऐकून धावत जाण्यात अर्थ नाही. २०१७ साली ह्यूस्टनला हार्वे वादळाचा पूर आला तेव्हा असंख्य घरमालकांकडे हा वेगळा विमा नव्हता. कॅलिफोर्नियात भूकंप आहे आणि आग आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कडेची पॅलिसेड्स आणि अल्टाडीना ही वसाहत डोळ्यांदेखत जळाली. टेक्सासने फेब्रुवारी २०२१ मध्ये बर्फ पाहिला आणि लाखो घरांची वीज गेली. ॲरिझोनातील फिनिक्स शहरात २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. तेथे म्हाताऱ्या माणसाने उन्हाळ्यात जोहरच्या नमाजला पायी जाण्याचा विचारही करू नये.

भाईजानचे आठ महिने

खैर, हे सर्व पैशांत मोजता येणारे. भाईजानचे दुखणे वेगळेच होते.

पुतण्याचे घर डॅलसच्या उत्तरेला नव्या उपनगरात आहे. रस्ते रुंद, घरे सुबक, शाळा उत्तम. मशीद सात मैलांवर, आणि मशीदही अशी की आपल्याकडील जिल्ह्याच्या ठिकाणची वाटावी. डॅलस व ह्यूस्टन या दोन्ही शहरांत भारत-पाकिस्तानी मुसलमानांची वस्ती मोठी आहे, हलाल गोश्त, मदरसा, हिफ्जचे वर्ग, कशाचीही कमतरता नाही. परंतु तेथवर जायचे कसे? बस नाही, रिक्षाचे तर नावच नको. पायी निघावे तर अर्ध्या वाटेला पदपथ संपतो. भाईजानने आयुष्यात मोटार चालविली नाही. मुलगा-सून सकाळी आठला कामावर, नातवंडे शाळेत. जो माणूस पन्नास वर्षे फजरला मोहल्ल्याच्या मशिदीत पहिल्या सफमध्ये उभा राहिला, तो आठवड्यातून फक्त जुम्याला, तेही मुलाला रजा मिळाली तर, जमातीने नमाज पढू लागला. भाभींचे हाल याहून वाईट. त्यांना शेजारणीशी दोन शब्द बोलायला भाषाच नव्हती.

आता शिकागो पाहा. शहराच्या उत्तर भागात डेव्हन अॅव्हेन्यू म्हणून रस्ता आहे. त्याच्या एका तुकड्याला गांधींचे नाव, पुढच्या तुकड्याला जिन्नांचे. हैदराबादी लोकांची वस्ती जुनी, म्हणून दुकानात दखनी उर्दू कानावर पडते. आम्ही उर्दू माध्यमात शिकलेलो, आम्हाला तर तेथे पोस्टातील पाट्या सोडल्या तर इंग्रजीची गरजच भासली नाही. खाटीक, नानबाई, शिंपी, किराणा, दवाखाना, नमाजची जागा, सर्व चालण्याच्या टप्प्यात. रस्त्यावरून शहराची बस जाते. घरे जुनी, अरुंद जिने, आणि जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा अंशांवर गेला तर कोणाला नवल वाटत नाही. तरीही आम्ही तेथे सत्तरीचे बुजुर्ग काठी टेकीत असरला जाताना पाहिले. डॅलसच्या त्या उपनगरात तीन आठवड्यांत एकही म्हातारा पायी जाताना दिसला नव्हता.

न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क हा तिसरा प्रकार. जर्सी सिटी, एडिसन, न्यूयॉर्कमधील जॅक्सन हाइट्स या ठिकाणी आपल्या उपखंडाचा बाजार आहे, आणि भुयारी रेल्वे व गाड्या यांमुळे मोटारीवाचून जगता येते. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना २०१५ पासून दोन्ही ईदची सुट्टी असते. परंतु भाडे असे की दोन खोल्यांत चार माणसे राहतात.

याच न्यू जर्सीत पॅटरसन हे गाव आम्ही मुद्दाम पाहिले, कारण ते एके काळचे रेशमाचे माहेरघर. पॅसेइक नदीचा ७७ फुटांचा धबधबा आहे. त्या पाण्यावर गिरण्या चालवाव्यात म्हणून अलेक्झांडर हॅमिल्टनच्या पुढाकाराने १७९१ साली कंपनी उभी राहिली आणि गाव वसले. पुढे त्याला सिल्क सिटी म्हणू लागले. १९१३ साली एका विणकराने दोनऐवजी तीन-चार माग चालवावेत असा हुकूम मालकांनी काढला तेव्हा सुमारे पंचवीस हजार कामगारांनी पाच महिने संप केला, आणि तो फसला. आमच्या यंत्रमागवाल्या बंधूंना ही कथा ओळखीची वाटेल. गिरण्या हळूहळू दक्षिणेला, मजुरी स्वस्त तेथे, गेल्या. तेथूनही पुढे परदेशी. नॉर्थ कॅरोलायनातील कॅनापोलिस येथे चादरी-टॉवेलांचा प्रचंड कारखाना ३० जुलै २००३ रोजी बंद पडला आणि त्या एकाच राज्यात ४,८०० लोक एका दिवसात घरी बसले. पॅटरसनमध्ये मात्र रिकाम्या पडलेल्या स्वस्त घरांत नवे लोक आले. आज दक्षिण पॅटरसनमध्ये फलस्तीनी, तुर्की आणि दुसऱ्या बाजूस बांगलादेशी वस्ती आहे. मेन स्ट्रीटच्या एका भागाला २०२२ साली पॅलेस्टाइन वे असे नाव दिले गेले. जेथून धंदा उठतो तेथे घर स्वस्त होते आणि तेथेच गरीब मुसाफिराला पाय ठेवायला जागा मिळते. परंतु अशा गावी मुलांच्या शाळा कशा आहेत आणि रात्री रस्ता कसा आहे, हे पाहिल्यावाचून घर घेऊ नये.

मिशिगन राज्याचेही असेच. मोटारींच्या कारखान्यांमुळे शंभर वर्षांपूर्वीच तेथे अरब मुसलमान आले. डिअरबॉर्न हे शहर आज अरब बहुसंख्येचे आहे. शेजारच्या हॅमट्रॅमॅक या छोट्या गावात २००४ साली लाउडस्पीकरवरून अजान देण्यास नगरपालिकेने मान्यता दिली, आणि २०२१ च्या निवडणुकीनंतर तेथील सर्व नगरसेवक मुसलमान होते. घरांच्या किमती न्यू जर्सीच्या मानाने पुष्कळ कमी. अलबत्ता मोटारीचा विमा डेट्रॉइट भागात फार महाग, आणि बोलचाल अरबी किंवा बंगाली. मशिदीत सलाम मिळेल, गप्पांना सोबती मिळेलच असे नाही.

पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहरात काळ्या अमेरिकन मुसलमानांची मोठी व जुनी वस्ती आहे. तेथे ६५ वर्षांवरील माणसाला शहराच्या बसचे भाडे पडत नाही. हा पैसा राज्याच्या लॉटरीतून येतो. तेव्हा फुकट बसमध्ये बसावे की तिकीट काढावे, हे ज्याने त्याने आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावे!

उत्तरेकडे जाणाऱ्यांनी नमाज-रोजाचे वेळापत्रकही पाहून ठेवावे. सिएटलला जूनमध्ये मगरिब रात्री नऊनंतर, इशा अकराच्या सुमारास आणि फजर तीनच्या आसपास. सध्या रमजान हिवाळ्यात येत आहे म्हणून दिवस लहान आहेत. वीस-बावीस वर्षांनी तो पुन्हा उन्हाळ्यात येईल तेव्हा ह्यूस्टन व सिएटल यांतील रोजाचा फरक दोन-अडीच तासांचा असेल. आज चाळिशीत घर घेणारा तेव्हा साठी ओलांडलेला असेल.

वाऱ्याचाही रोख पाहावा. २०२३ साली मिनिॲपोलिसने पाचही वेळच्या अजानला लाउडस्पीकरची परवानगी दिली. २०२५ साली टेक्सासमध्ये प्लॅनोच्या मशिदीशी जोडलेल्या घरांच्या मोठ्या योजनेवर राज्य सरकारने एकामागून एक चौकश्या लावल्या. केंद्राच्या न्याय खात्याने आपली चौकशी आरोप न ठेवता बंद केली. तेथील आपले लोक शांतपणे राहत आहेत, कमावीत आहेत. पण फिकीर नाही असे कोणी म्हणाले नाही.

सर्वांत मोठी चूक

आता ती गोष्ट, जिची आम्हाला आजही लाज वाटते. भाईजान निघाले तेव्हा औषधपाण्याचे काय, असे भाभींनी विचारले होते. आम्हीच म्हणालो, "तेथे ६५ वर्षांनंतर सरकार विमा देते, काळजी नको." त्या भरवशावर मुलानेही वेगळा विमा घेतला नाही. पाचव्या महिन्यात एका रात्री भाईजानच्या छातीत दुखू लागले. दवाखान्यात तीन तास ठेवले, अल्लाहच्या कृपेने हृदयाचे काही निघाले नाही. बिल आले अकरा हजार डॉलर्स. ते मुलाने हप्त्यांनी फेडले. भाईजानने मात्र त्या दिवसापासून दुखणे सांगणेच बंद केले.

खरा नियम असा आहे. मेडिकेअर नावाचा हा सरकारी विमा ६५ व्या वर्षी मिळतो, पण त्याचा दवाखान्याचा भाग फुकट मिळण्यासाठी स्वतः किंवा नवरा-बायकोपैकी एकाने तेथे सुमारे दहा वर्षे कर भरून काम केलेले असावे लागते. मुलाची नोकरी आई-बापाच्या खात्यात धरली जात नाही. ज्यांनी काम केलेले नाही अशा ग्रीन कार्डधारकास सलग पाच वर्षे तेथे राहिल्यावर पैसे भरून तो विकत घेता येतो. २०२५ साली दवाखान्याच्या भागासाठी दरमहा ५१८ डॉलर्स आणि डॉक्टरच्या भागासाठी १८५ डॉलर्स असा दर होता. म्हणजे एका माणसाचे ७०३, दोघांचे १,४०६ डॉलर्स, महिन्याला. आणि मधल्या पाच वर्षांत खासगी विमा.

येथेही प्रांताचा फरक पडतो. बहुतेक राज्यांत खासगी विम्याची कंपनी म्हाताऱ्याकडून तरुणाच्या तिप्पट हप्ता घेऊ शकते. न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या दोन राज्यांत वयावरून हप्ता वाढविता येत नाही. गरिबांसाठीचा मेडिकेड हा विमा राज्यागणिक निराळा. टेक्सासचा हात या बाबतीत सर्वांत आखडलेला समजला जातो. हे नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी त्या त्या राज्याचा ताजा नियम विचारून घ्यावा. मुलाने आई-वडिलांसाठी सही केलेले हमीपत्र हे केवळ शिष्टाचाराचे नाही. त्यांच्या पोटापाण्याची कायदेशीर जबाबदारी ते त्याच्यावर टाकते.

ज्यांना वाटते की सहा महिने येथे, सहा महिने तेथे राहू, त्यांनी ध्यानात घ्यावे की ग्रीन कार्डवाला सहा महिन्यांहून अधिक बाहेर राहिला तर परतताना जाब विचारला जातो, आणि आगाऊ परवान्याशिवाय वर्षाहून अधिक राहिला तर कार्ड गमावण्याची पाळी येते. मेडिकेअर साधारणपणे भारतातील उपचारांचा खर्च देत नाही. आणि ग्रीन कार्ड घेतले की जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेला द्यावा लागतो. मालेगावच्या गाळ्याचे भाडे, भागीदारीतील नफा, सर्व काही. भारतातील बँक खात्यांची मिळून रक्कम वर्षात एका दिवसासाठी जरी दहा हजार डॉलर्सच्या वर गेली तरी त्याची वेगळी माहिती भरावी लागते, न भरल्यास दंड जबर आहे. दुकान मुलाच्या हवाली केले पण खाते अजून वडिलांच्या नावावर, ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत येथे अडचणीची ठरते. भाईजानच्या बाबतीत हेच निस्तरायला आम्हाला एक हिसाबनीस येथे व एक तेथे असे दोन लावावे लागले.

घर कोणाच्या नावावर?

व्याज टाळून घर घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी तेथे काही संस्था आहेत. कॅलिफोर्नियातील लारिबा १९८७ पासून आहे. गायडन्स रेसिडेन्शियल ही घटत्या भागीदारीच्या पद्धतीने चालते, म्हणजे घर दोघांचे, आपण दरमहा तिचा हिस्सा विकत घेत जायचे आणि तिच्या हिश्श्याचा वापर केल्याबद्दल मोबदला द्यायचा. यावर उलेमांत मतभेद आहेत. अशा संस्था प्रत्येक राज्यात काम करीतच असतील असे नाही, म्हणून गाव ठरविण्याआधी हे विचारावे.

काही वडील येथून पैसे पाठवून घर स्वतःच्या नावावर घेतात, मुलगा-सून यांचे उद्या काय होईल या धास्तीने. पैसे पाठविण्यास रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे एका माणसास वर्षाला अडीच लाख डॉलर्सची मर्यादा आहे आणि बँकेचाच रस्ता धरावा, हवाल्याचा नव्हे. परंतु खरी मेख पुढे आहे. जो अमेरिकेचा नागरिकही नाही आणि रहिवासीही नाही, तो मरण पावला तर त्याच्या तेथील मालमत्तेपैकी फक्त ६० हजार डॉलर्स माफ असतात. वरच्या रकमेवर मृत्युकर चढत चढत ४० टक्क्यांपर्यंत जातो. चार लाखांचे घर मुलांना मिळण्याआधी त्यातील मोठा घास सरकार घेईल.

वारसाहक्काचेही तसेच. आपल्याकडे मुसलमान मेला की शरीअतप्रमाणे वाटण्या होतात असे आपण गृहीत धरतो. तेथे मृत्युपत्र नसेल तर राज्याचा कायदा वाटणी करतो, फराइज नव्हे. म्हणून मृत्युपत्र लिहिणे भाग आहे. त्यातही टेक्सास, कॅलिफोर्निया, ॲरिझोना, वॉशिंग्टन अशा नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई नवरा-बायकोची निम्मी-निम्मी समजली जाते. मृत्युपत्र आपल्या निम्म्यापुरतेच चालते. पेनसिल्व्हेनिया मुलांना मिळणाऱ्या वारशावरही ४.५ टक्के कर घेते. वकील त्या राज्याचाच असावा. एका राज्याचा नमुना दुसऱ्या राज्यात वापरून फसलेली घरे आम्ही ऐकली आहेत.

पुतण्याने आता आपल्या कंपनीकडे शिकागोच्या कचेरीत बदली मागितली आहे. टेक्सासचे घर विकलेले नाही, भाड्याने दिले आहे. डेव्हनपासून चार गल्ल्यांवर तळमजल्याची जागा एका वर्षासाठी घेतली आहे. मशीद किती दूर, असे भाईजानने विचारले तेव्हा त्याने मीटरमध्ये नव्हे, मिनिटांत उत्तर दिले, सहा मिनिटे. भाभी अजून तयार नाहीत. बर्फ ओसरल्यावर एप्रिलअखेरीस जावे असे ठरत आहे, आणि या वेळी दोघांचा विमा हाती आल्याखेरीज तिकीट काढायचे नाही, असे आम्ही पुतण्याला लेखी कळविले आहे.